उचललेला मिस कॉल

जुन्नर,
मंगळवार, दुपार (लाईट गेलीय, म्हणून लिहायला सवड आहे)

राजमान्य राजश्री दादाभाऊ, मुक्काम खोडद, यांस महंमद हनीफचा सलाम आणि रामराम. दोन्ही पाठवतोय, रागात असलास तरी निदान एक ठेवून घे. (राजमान्य वगैरे वाचून बिचकू नकोस. आमचे अब्बा सगळ्यांना असंच लिहायचे, पोलीसपाटलालाही आणि न्हाव्यालाही. त्या दिवशीच्या फोनवरच्या 'आपण-आपलं'शी याचा काडीचा संबंध नाही.) गुडघा कसा आहे? ती कानतुटकी मेंढी अजून ढुशा मारते का? इकडं सगळं ठीक आहे. कमरजहाँचं बीपी गोळीनं ताब्यात आहे, माझी नवी कवळी बसलीय, पण तिच्यात भुईमुगाची शेंग अडकते. पत्र तुमच्या खोडदच्याच सोमाजीच्या हाती देतोय. तुझा चष्मा मेंढरानं तुडवला हे त्यानंच सांगितलं, तेव्हा वाचूनही तोच दाखवेल. सोमाजी, खणखणीत वाच, आणि पुढं तुझ्याबद्दल जे येईल ते गाळायचं नाही.

आता मुद्द्यावर येतो. तुझा मिस कॉल बंद होऊन आज सतरा दिवस झाले. का बंद केलास ते मी विचारत नाही, मला माहीत आहे. मी फक्त सांगतोय की सतरा झाले. सोमाजीला यातलं काही ठाऊक नसणार म्हणून नीट लिहितो (त्याला अर्धवट कळलं की उरलेलं तो स्वतःच्या मनानं घालून गावभर सांगतो, त्यापेक्षा पूर्णच कळू दे). आशावहिनी गेल्यापासून दादाभाऊ उसाच्या कडेला खोपीत एकटा राहतो. त्या बाजूला बिबट्या म्हणजे कुत्र्यामांजरासारखा फिरतो. म्हणून आमचं दोघांचं ठरलेलं: संध्याकाळी सात वाजता मेंढरं जाळीत घातली, दाराला अडसर लावला, की यानं मला एक मिस कॉल द्यायचा. एकच रिंग. मी उचलायचा नाही. उलट मी एक द्यायचा, तो यानं उचलायचा नाही. झालं, दोघंही सुखरूप. दोनदा वाजला तर मात्र मी गाडी काढून निघायचं. दोनदा तो एकदाच वाजला, कानतुटकी विहिरीत पडली तेव्हा. सहा वर्षं आम्ही रोज असे बोललो आणि एक शब्द काढला नाही. शब्द काढले असते तर सहा महिन्यांत भांडलो असतो.

आता कुणी म्हणेल, बोलणं फुकट झालंय, दिवसभर बोला, मिस कॉल कशाला? अरे, मिस कॉल ही काही कंजुषी राहिली नाही राव, ती आपली पद्धत आहे. माझं निम्मं दुकान तिच्यावर चालतं. शेतकऱ्याचा एक मिस कॉल आला की अर्थ, 'मोटार भरून झाली का?' मी परत दिला तर झाली, घेऊन जा. नाही दिला तर नाही झाली, गप बस. पस्तीस वर्षं मी विहिरीवरच्या जळक्या मोटारींत नवी तार भरतोय, हात वार्निशनं बरबटलेले, बोटांत तांब्याची तार, अशा माणसानं फोन कानाला लावायचा कधी? आणि फोनवर बोलायचीच वेळ आली तर मी कसा बोलतो ते अख्ख्या तालुक्याला पाठ आहे. "परत जाळलीस? सिंगल फेजवर चालवलीस ना? तुला किती वेळा सांगितलं रे?" समोरचा म्हणतो, "चुकलं हनीफभाई." मी म्हणतो, "आण." एवढ्यात सगळं येतं.

ही पद्धत मोडली आमच्या पोरीनं, आरफानं. तू तिला खांद्यावर बसवून खोडदच्या दुर्बिणीच्या त्या मोठाल्या तबकड्या दाखवायला न्यायचास, ती आरफा. आता पुण्यात कंपनीत आहे. काम काय, तर दिवसभर फोनवर लोकांचं ऐकून घ्यायचं. लोक तिच्यावर ओरडतात आणि ती म्हणते, आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. याचा तिला पगार मिळतो. (माझं बरोबर उलटं आहे. मी ओरडतो आणि लोक मला देतात.) कंपनीनं तीन आठवडे घरून काम करायला सांगितलं म्हणून ती आली, आणि आल्या आल्या तिनं माझा फोन हातात घेतला. ग्राहकांशी फोनवर कसं बोलावं याचं तिनं तीन दिवसांचं ट्रेनिंग केलंय. तीन दिवस! मला मोटार भरायला शिकायला चार वर्षं लागली, उस्तादाच्या चापट्या खाऊन, आणि ही तीन दिवसांत बोलायला शिकून आली. तिनं एक कागद लिहून भिंतीला चिकटवला. दुसऱ्या रिंगच्या आत फोन उचलायचा. आधी नमस्कार, मग दुकानाचं नाव, मग 'मी आपली काय सेवा करू?' मग नाव, गाव, आणि याआधी आपण आमच्याकडे काम करून घेतलंय का. आवाज खाली, शब्द सावकाश. मध्ये बोलायचं नाही. ग्राहकाला दोष द्यायचा नाही. आणि बोलताना हसायचं, कारण म्हणे हसू फोनमधून ऐकू येतं. त्यासाठी तिनं फोनशेजारी आरसाही टांगला.

आता साठी ओलांडलेला माणूस भर बाजारपेठेत, दुकानाच्या दारात, आरशात बघून हसतोय, हे तू डोळ्यांसमोर आण. समोरचा भांडीवाला दोन दिवस माझ्याकडे बघत होता, तिसऱ्या दिवशी त्यानं कमरजहाँला बाजूला घेऊन विचारलं, भाई ठीक आहेत ना. वर हसत बोललं की माझा आवाज रडका येतो, हे मला या वयात कळलं. कवळी सुटू नये म्हणून ओठ दाबून हसावं लागतं, त्यानं शब्द नाकातून निघतात.

पहिल्याच दिवशी मी दुसऱ्या रिंगच्या आत अकरा फोन उचलले, आणि अकराच्या अकरा मिस कॉल निघाले. लोक चिडले. का चिडणार नाहीत? मिस कॉल दिला आणि समोरच्यानं उचलला, हा काय प्रकार? एकजण म्हणाला, "अवो, उचलला कशाला?" मी म्हणालो, नमस्कार, मी आपली काय सेवा करू? त्यानं फोनच ठेवला. नंतर कळलं, त्याला वाटलं कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस हनीफचा फोन चोरून बोलतोय. ओतूरच्या दोघांनी तर घरच्यांना बजावून ठेवलं की हनीफभाईच्या नंबरवरून गोड आवाज आला तर ओटीपी सांगायचा नाही.

आता सोमाजीचं ऐक. (सोमाजी, वाच, लाजू नकोस.) याचा फोन आला की मोटार नुसती हुं हुं करते, फिरत नाय. मला इथं बसल्या बसल्या कळलं की यानं फ्यूजमध्ये जाड तार घातलीय. एरवी मी त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली असती. पण कागदावर लिहिलेलं, ग्राहकाला दोष द्यायचा नाही. मी म्हणालो, आपली अडचण मी समजू शकतो. मोटार आणली, भरून दिली, गोड बोलून पाठवली. चौथ्या दिवशी आरफाच्या सांगण्यावरून मीच त्याला फोन लावला की आमच्या कामाबद्दल आपण समाधानी आहात का, पाचपैकी किती गुण द्याल. तो म्हणाला, "गुण कसलं देता, मोटार जळली की परत." आणि दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन माझ्यावरच गरजला, "तुमी शिव्या दिल्या न्हाईत, मला वाटलं तार चालती!" सांग आता. पस्तीस वर्षं मला वाटायचं लोक माझ्याकडे तांब्याच्या तारेसाठी येतात. तर ते शिव्यांसाठी येतात. माझी शिवी ही दुरुस्तीचाच भाग आहे, आणि ती मी आरफाच्या नादी लागून काढून टाकली. शेवटी मी त्याला दारातच सव्याज घातल्या, तेव्हा कुठं त्यानं घरी जाऊन तार बदलली. आज आठवडा झाला, मोटार चालतेय.

पण हे सगळं मढच्या गेणभाऊपुढं काहीच नाही. गेणभाऊ म्हणजे तोच, मिश्यांवाला, ज्याच्या विहिरीवर आपण हुरडा खाल्ला होता. त्यानं फोन केला तो स्टार्टरचं विचारायला. मी कागदाप्रमाणे बोललो. आवाज खाली, शब्द सावकाश, प्रत्येक वाक्यानंतर थोडं थांबून. आपण फोन केलात, फार बरं वाटलं. आपल्यासारखी माणसं आहेत म्हणून आम्ही आहोत. (हे सगळं कागदावर होतं, शपथ.) गेणभाऊ हळूच म्हणाला, "काळजी घ्या हनीफभाई. आमी येतो." मला वाटलं स्टार्टर घ्यायला येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर पिकअप थांबली, आणि तिच्यातून गेणभाऊ, त्याची बायको म्हाळसाबाई आणि मढची आणखी सहा माणसं उतरली. सगळ्यांनी चपला काढल्या. बायकांचे पदर डोक्यावर. कुणी बोलेना. आत येऊन ओळीनं खाली बसले. मी म्हणालो, एवढी माणसं म्हणजे काम बिघडलेलं दिसतंय, तक्रार मोठी आहे. आता कागद काय सांगतो? तक्रारवाल्या ग्राहकाला आधी बोलू द्यायचं. मध्ये तोंड घालायचं नाही. डोळ्यांत बघून मान हलवायची. मी मान हलवली. गेणभाऊनंही हलवली. मी पुन्हा हलवली. अशी वीसेक मिनिटं गेली. दादाभाऊ, वीस मिनिटं आम्ही नऊ माणसं एकमेकांकडे बघून मान हलवत होतो. मध्येच म्हाळसाबाईनं डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, बाई स्टार्टरसाठी रडते, म्हणजे नुकसान फारच झालेलं दिसतं, आणि वाईट वाटून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. ते बघून सगळेच रडायला लागले.

तेवढ्यात आतून कमरजहाँ चहाचे पेले घेऊन बाहेर आली. म्हाळसाबाई अशी किंचाळली की समोरचा भांडीवाला दुकान टाकून धावत आला. त्यांना वाटलेलं, गेली ती कमरजहाँच. फोनवर माझा असा रडका, नरम आवाज ऐकून गेणभाऊनं अख्ख्या वस्तीला सांगितलं होतं की हनीफच्या घरी दुःख झालंय, नाहीतर हा माणूस एवढं गोड कशाला बोलेल? आणि आपल्याकडची रीत तुला माहीत आहे, दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून त्यांनी टोपलंभर भाकरी आणि पिठलं आणलेलं. कमरजहाँनं ते सगळं ऐकलं, कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मेरे मरने का पिठलं, और मेरेकूच चाय करने लगाया?" मग खाली बसून तिनं दोन भाकरी खाल्ल्या. (संध्याकाळी माझ्याशी भांडली ते वेगळ्याच कारणानं. म्हणे, मी गेले असं वाटून आठ माणसं आली आणि पहिल्यांदा रडली ती फक्त म्हाळसाबाई.)

आता तुझं. मी मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण यात माझी चूक नाही, आणि ज्यात आपली चूक नाही ते सावकाश सांगावं. आरफा मला शिकवत होती, त्याचा तो तिसरा दिवस. फोन वाजला. मी कागदाकडे बघत होतो, घड्याळाकडे नाही, सात वाजलेत ते कळलं नाही. नाव चष्म्याशिवाय दिसत नाही. मी उचलला. पलीकडून घाबरलेला आवाज, "हनीफ, मी हाय. काय झालं?" बरोबरच आहे, आपण उचलत नाही, उचलला म्हणजे काहीतरी झालं. आणि इकडून कागद बोलला, मी नाही, कागद. नमस्कार, मी आपली काय सेवा करू? आपलं शुभ नाव? मग तू म्हणालास, "दादाभाऊ." कागदानं विचारलं, आपलं गाव? तू म्हणालास, "खोडद." कागदानं विचारलं, याआधी आपण आमच्याकडे काम करून घेतलंय का? आणि तू फोन ठेवलास.

अरे, पण म्हणून सतरा दिवस? रेंज खराब होती, आवाज ओळखू आला नाही, होतं माणसाचं. तुझ्या शेतामागच्या तबकड्या कुठल्या कुठल्या काळातलं आभाळातलं ऐकून घेतात, आणि तुला माझं एक ऐकून घेता येत नाही? मी काय कमी प्रयत्न केला? दुसऱ्या दिवशी सातला मीच मिस कॉल दिला. तू उचलला नाहीस. आता आपल्या नियमानं उचलला नाही म्हणजे सगळं ठीक. पण तू ठीक आहेस म्हणून उचलला नाहीस की रागावलायस म्हणून उचलला नाहीस, हे मी कसं ओळखायचं? म्हणून पूर्ण वाजवला, बंद होईस्तोवर. तोही नाही उचललास. मग माझी झोप उडाली. चांगले नऊ दिवस मी तसेच काढले, तेव्हा सोमाजी त्या जळक्या मोटारीसाठी आला, आणि बोलता बोलता म्हणाला की आज सकाळीच तू बांधावर विडी ओढत बसलेला दिसलास. बरा दिसत होतास. माझं काही विचारलं नाहीस. मी म्हणालो, मरो, मलाही विचारायचं नाही. त्यालाही आता आठ दिवस झाले. मीच गाडी काढून आलो असतो, पण मी का यावं? मिस कॉल कुणी बंद केला?

कागद मी काढून टाकलाय. आरसा कमरजहाँनं मोरीत लावला. आरफा परवा पुण्याला गेली. आता फोन आला की मी आधीसारखाच ओरडतो, आणि मढपासून मंचरपर्यंत लोकांना बरं वाटतंय की हनीफ ताळ्यावर आला. वहिनींच्या फोटोला माझा सलाम सांग, कानतुटकीला सांगू नकोस. कळावं. लोभ आहे की गेला, ते तुझं तू बघ.

तुझा,
महंमद हनीफ

ता. क. तुझा स्टार्टर महिनाभर माझ्याकडे पडून होता. तू रागात मागितलासही नाहीस. दुरुस्त करून सोमाजीबरोबर दिलाय. फ्यूजला जाड तार घातलेली मला कळली, तर खोडदला येऊन चारचौघांत तुझा उद्धार करीन.

ता. क. दुसरं. आरफाला बोल लावू नकोस. वर मी तिच्यावर ढकललंय, पण शिकव म्हणून मागं लागलो होतो मीच. माळशेजच्या वाटेवरच्या एका हॉटेलवाल्यानं मोबाइलवर माझ्या दुकानाला पाचपैकी एक चांदणी दिली आणि खाली लिहिलं, काम चांगलं, माणूस उद्धट. पस्तीस वर्षांत मला कुणी असं लिहून दिलं नव्हतं. ते फार लागलं. ती पोर म्हणत होती, "अब्बा, तुम्ही आहात तेच बरे आहात." मीच ऐकलं नाही.

ता. क. तिसरं. सोमाजी, तुझं वाचन संपलं. कागद दादाभाऊच्या हातात दे आणि मेंढरांकडे जाऊन उभा राहा. इथून पुढं मी अक्षर मोठं काढलंय, त्याला चष्म्याशिवाय लागावं म्हणून.

दादाभाऊ, रेंज चांगली होती.

मी हाय म्हणालास, तेव्हाच मी तुला ओळखलं.

पण समोर आरफा उभी होती. पहिलं वाक्य झालं तशी ती म्हणाली, "अब्बा, एकदम छान." मला शाळेतही कुणी कधी छान म्हणालं नव्हतं. त्या नादात पुढचं वाचत गेलो. तुझं नाव विचारलं. माझं चुकलं.

रोज सातला दुकान बंद करून फोन पुढ्यात ठेवून बसतो. कमरजहाँ चहा आणून ठेवते, तो तसाच गार होतो.

पत्र तुला उद्या दुपारी मिळेल. त्याच संध्याकाळी सातला एकदाच वाजव.

मी उचलणार नाही.